गुरुवारची नोंद

गार्ग्रेव्हच्या कालव्यावर, तिसऱ्या लॉकच्या खाली,
ॲल्विन थ्वेट पिंजरा ओढतो तेव्हा
दोरी आधी शेवाळ देते, मग पाणी,
मग तो आवाज :
ओल्या सुपाऱ्या कुणी पिशवीत हलवाव्यात तसा.

अकरा क्रेफिश.
मागच्या गुरुवारी नऊ होते.

नोंदवही माझ्याकडे, कारण माझं अक्षर वाचता येतं
आणि ॲल्विनच्या बोटांत आता पेन्सिल ठरत नाही.
नर. नर. मादी. पाठ बावन्न मिलिमीटर.
एकाला एक नांगी नाही.
मराठीत नांगी टाकली म्हणजे हरला.
हा नांगी टाकून निसटतो
आणि कात टाकता टाकता नवी उगवून आणतो.
ॲल्विनला हे सांगायला गेले, म्हण वाटेतच बुडाली.
तो म्हणाला, "हो, हट्टी जात."

नांगीच्या सांध्यावर निळसर पांढरा ठिपका,
त्यावरून नाव पडलं, सिग्नल.
"अमेरिकेचे. आपल्याच सरकारनं आणवले,
तळ्यांत पाळा म्हणाले, हॉटेलं घेतील.
हे रात्री गवतातून चालत निघाले.
बाहेरचे ते शेवटी..."
आणि थांबतो. कान लाल.
"म्हणजे, क्रेफिशबद्दल बोलतोय मी."
"मग आणखी कशाबद्दल?" मी म्हणते,
पुढचा मोजायला घेते.
एकवीस वर्षं झाली इथे.
प्रत्येक प्राण्यात स्वतःला शोधायचा
कंटाळा येतो माणसाला.

काठाची मात्र खरंच चाळण झालीय.
बिळात हात कोपरापर्यंत जातो.
हिवाळ्यात कालव्याकाठची दोन मीटर वाट
मेंढीसकट पाण्यात बसली.
मेंढी वाचली.

या वेळी आई सोबत. सहा महिन्यांचा व्हिसा,
त्यातले दोन सर्दीत गेलेले.
भंडाऱ्याकडच्या तलावांवर वाढलेली बाई.
हातमोजे नको म्हणाली,
पाठीला धरून, मागून, बिनचूक उचलला एक,
उलटा केला.
शेपटीखाली अंडी, मोहरीएवढी, दोनशे तरी.
"पोटुशी हाये वं थे. सोड तिले."

मी सांगितलं, कायदा आहे.
पकडलेलं परत पाण्यात सोडणं गुन्हा.
"आमच्याकडे धीवर सोडतेत.
नाही सोडली तं पुढच्या साली तलाव रिकामा."
"इथे सोडली तर पुढच्या साली नदी रिकामी."
दोन्ही वाक्यं खरी होती
आणि मधे ती, आईच्या चिमटीत,
शेपटी मिटत, उघडत.

ॲल्विननं बादली पुढे केली.
आईनं ती टाकली नाही. ठेवली.
त्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजरात, वाटाण्यांच्या पिशव्यांशेजारी,
हळूहळू झोप लागते म्हणे.
मी लिहिलं : मादी, सत्तेचाळीस, अंडी.

रविवारी ॲल्विन आम्हाला वर घेऊन गेला,
जिथे पाणी दगडातून निघतं.
फाटकाशी बूट जंतुनाशकात धुवायचे, तळव्याच्या खाचांसकट.
ओल्या बुटावरून रोग वर चढतो,
अमेरिकेवाले पचवतात तो, इथले नाही.
आईनं बूट धुतले नाहीत, काढूनच ठेवले,
जोडीनं, फाटकाबाहेर.
ॲल्विननं क्षणभर बघितलं
आणि तिच्या पावलांवर फवारा मारला.

परवाना त्याच्या खिशात, प्लास्टिकमध्ये.
त्यानं दगड उचलला.
बोटाएवढा. चिखलाच्या रंगाचा.
नांग्या खालून पांढऱ्या, पेजेसारख्या.
कुणी हात लावला नाही.
"एवढुसाच," आई म्हणाली.
दगड होता तसा, त्याच कुशीवर, परत ठेवला.

नोंदवहीत त्या पानावर "जागा" असा रकाना आहे.
तो रिकामा ठेवायचा असतो.
म्हणून त्या ओढ्याचं नाव इथेही नाही.

परतताना, गाडीत पाय पुसत,
बराच वेळ गप्प राहून आईनं विचारलं :
"त्याची जोडीण असन ना वं, तिथंच कोठं?"