खोक्यातला आवाज

दर तिसऱ्या दिवशी मी बॅटरी बदलायला जातो.
खाली, चार वाव पाण्यात, मेलेल्या प्रवाळावर
सिमेंटच्या ठोकळ्याला बांधलेलं खोकं बोलत असतं
दुसऱ्याच एका प्रवाळाचा आवाज,
दोन दिवसांच्या वाटेवरून भरून आणलेला.

मकास्सरच्या तेनरीताईंनी पहिल्यांदा ऐकवला
तेव्हा वाटलं, कुणीतरी मासे तळतंय.
तडतड, चुरचुर,
मधूनच घसा खाकरल्यासारखं.
"कोळंब्या," त्या म्हणाल्या, "आणि हा पोपटमासा, दगड कुरतडतोय."
उघड्या समुद्रात भरकटलेली
नखाएवढी, काचेसारखी पिल्लं
म्हणे अंधारात ही गजबज ऐकून घर ओळखतात.

मी बापाकडे पाहिलं नाही.

इथलं घर त्यानंच गप्प केलं.
बाटलीत खत, रॉकेल, वर वात.
एक दणका,
की पांढऱ्या पोटांनी पाणी झाकून जायचं.
त्यावर माझी शाळा झाली, बहिणीचं लग्न,
ही नाव.
आधी त्याचा उजवा कान गेला, मग डावा.
हात मात्र दोन्ही शाबूत.
पाण्यावरच्या आमच्या वस्तीत याला नशीब म्हणतात.

एकविसाव्या दिवशी पिल्लं आली.
मी मोजली, एकशे चार, मग चुकलो.
आता त्यांनी खायचं काय, राहायचं कुठं?
"शेवाळ खातील. शेवाळ हटलं की प्रवाळ धरेल."
धरेल.
हा शब्द मी बॅटरीबरोबर नावेत ठेवतो.

सद्दांग, माझा चुलतभाऊ, हसत विचारतो,
"खोकं नेमकं कुठं रे?"
त्याच्या होडीत बाटल्या आहेत, मला माहीत आहे.
त्याची धाकटी तापानं फणफणलीय, तेही.
मी वाऱ्याबद्दल बोलतो.

काल बापाला घेऊन गेलो.
त्यानं वल्हं पाण्यात उभं धरलं
आणि वरचं टोक दातांत घट्ट चावलं.
डोळे मिटलेले. लाळ हनुवटीवर.
किती वेळ, कोण जाणे.
मग बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला,
"हे आपलं नाही.
उत्तरेच्या कड्याचं बोलणं आहे हे.
आपलं सावकाश होतं, भरतीला जरा जाड."

आणि जिभेनं टाळूवर टिचक्या मारत,
चुकत, पुन्हा पहिल्यापासून,
आपलं कसं होतं ते
सांगू लागला.

मी मोबाइल काढला.
सहा टक्के उरले होते.