खांब, नग सहा

पुस्तक वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलं तेव्हा
मेणकापडात होतं, वर गोणपाट,
हमालाला वाटलं आत बंदूक असेल.
मी वहीत लिहिलं : चित्रांचं बुक, नग एक,
रुपये एकशे चाळीस, बोटीचं भाडं वेगळं.
त्या साली झिलू मेस्त्रीचा रोज पाच आणे.

सरदेसायांनी ते गादीवर ठेवलं,
आपण खाली बसले.
पान उलटायला पांढरा रुमाल.
विलायतेतल्या कुणा उमरावाचं घर,
पुढे हिरवळ, हिरवळीवर मेंढ्या,
मेंढ्यांनासुद्धा शिस्त,
आणि सहा खांबांवर एक त्रिकोण
ज्याच्या सावलीत कुणीच बसलेलं नाही.

'हे असं,' ते म्हणाले, 'खाडीच्या टेंबावर.
कलेक्टर गलबतातून पाहील
तेव्हा त्याला त्याचं घर आठवलं पाहिजे.'

झिलूने चित्र उलटं धरलं, मग सुलटं,
वितीने मोजलं, खांबावर अंगठा फिरवला.
'मधी जरा फुगलो हा,
जेवान उठलेल्या भटासारखो.'
हे मी वहीत लिहिलं नाही.

जांभ्याला सवय चौकोनाची.
गोल तासायला घेतला की भुगा होऊन सूड उगवतो.
म्हणून वर चुना, आणि चुना शिंपल्यांचा :
ओहोटीला मांडीभर चिखलात गाबतिणी,
तिसऱ्या, कालवं, खुबे,
मांस त्यांचं, कवच सरदेसायांचं,
पाटीला दोन पैसे. पाट्या अकराशे बारा.
पाटी उतरवताना भागू गिरपीण वर बघून म्हणाली,
'हे खांब धरतत तरी काय?'
काहीच नाही. छप्पर मागच्या भिंतीवर होतं.

एका संध्याकाळी झिलूने विचारलं,
'ह्या घराचो मूळ मेस्त्री कोण?'
सरदेसाई खुशीत होते. वाचून सांगितलं :
घर इंग्रजाचं, पण नकाशा त्याचा नव्हे.
उमराव इटलीत गेले, जुने कागद विकत घेतले,
कागद ज्याचे तो मरून शतकं झालेली,
पोरवयात तो पाथरवटाच्या हाताखाली दगड फोडायचा.
एका धन्याने जवळ केलं,
रोमची पडकी देवळं दाखवली,
नवं नाव ठेवलं.
जग आज त्याच नावाने ओळखतं.

झिलू टाकी पायाच्या अंगठ्याला टेकवून बसला होता.
'आणि आधीचा नाव?'
सरदेसायांनी पान चाळलं. पुढचं चाळलं.
'मगे माझा काय ठेवतलात?'

सरदेसाई हसले.
मी उठून दिव्यात तेल घातलं,
दिव्यात तेल होतं तरी.

खांबांमागे पडवी हवी, हे झिलूचं म्हणणं.
'थंय पाऊस खंयसून येता?'
पुस्तकात पाऊस नव्हता.
पडवी झाली नाही.
आषाढात पश्चिमेचा वारा सुटला
आणि खांबाखांबांतून थेट दिवाणखान्यात शिरला,
मेंढ्यांचं पान भिजून दोन बोटं फुगलं.
मग झावळ्यांचे झाप बांधले, सुंभाने, वरपासून खालपर्यंत.
खाडीतून दिसायला
सहा बायका इरली घेऊन होडीची वाट बघत उभ्या.
झाप, नग चोवीस. सुंभ, दीड मण.

कलेक्टर आला तो माघात, घोड्यावरून,
मागच्या वाटेने, गोठ्याला वळसा घालून.
शहाळं प्यायला, सारा विचारला, गेला.

झिलू त्याच महिन्यात आरोंद्याकडे
कुठल्याशा देवळाच्या कामावर गेला,
एकवीस रुपये अजून येणे आहेत त्याचे.
तिथे त्याने दीपमाळ बांधली म्हणे,
चांगली उंच, वरती निमुळती,
पण मध्यावर जरा फुगलेली.
गावकरी विचारतात असं का,
तो सांगत नाही.

मी अजून बघायला गेलो नाही.
जेवून उठतो तेव्हा मात्र
नकळत पोटावरून हात फिरतो.