रिकामा काटा

तासगावात, भिलवडी रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
ऑफिस ते काटा मोजून नव्वद पावलं.
खिडकीतून दिसते केबिन,
केबिनीतला पिवळा बल्ब,
आणि बल्बखाली तो म्हातारा विंडोज
ज्याच्या पोटात अकरा वर्षांचा बेदाणा आहे,
किलोंमध्ये.

सोमवारी भंगारवाला येणार.
त्याआधी वजनं इकडं आणायची, माझ्या लिनक्सवर.
पेन ड्राइव्ह तो ओळखत नाही,
सीडीचा ट्रे उघडला तर मिटत नाही.
राहिली एक निळी वायर,
पत्र्याखालनं, क्रेटच्या थप्प्यांमागनं आलेली,
उंदरांनी दोनदा चाखलेली.

आधी रिकामं फोल्डर करायचं.
ही अट मला आवडते.
दुसऱ्याचं घर आपल्यात उघडायचं
तर एक जागा मोकळी पाहिजे.
भरलेल्या फोल्डरवर माउंट केलं तरी चालतं म्हणा,
खालचं पुसलं जात नाही,
नुसतं झाकलं जातं.
वरचं उतरेपर्यंत ते तसंच, मुकाट.

नाव ठेवलं काटा.
तिकडच्या तिरक्या रेघा इकडं उलट्या कलतात,
त्या फिरवून घेतल्या. एंटर.
उत्तर आलं : होस्ट डाऊन आहे.

डाऊन कसला?
बल्ब चालू, पंखा चालू,
दारात हमाल तंबाखू मळतोय.
मग ध्यानात आलं,
तो जिवंत आहे, माझी बोली त्याला कळत नाही.
मी तीन पॉइंट एकमध्ये विचारलं,
तो एक पॉइंट शून्यात ऐकतो.
एवढ्यावरनं कुणालाही मेलेलं ठरवतात.

जुनी बोली लावली.
आता बोलला : परमिशन डिनाइड.
नाव इलाही, पासवर्ड बेदाणा. डिनाइड.
पासवर्ड काटा.
एक दोन तीन चार.
डिनाइड.

शेवटी मणेराजुरीला फोन.
इलाहीचाचा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पडलेले,
मागं बकरी ओरडतेय, कुकर ओरडतोय.
"कोण? वैजयंता?
अगं, कुलूपच न्हवतं त्याला.
वजनं कोण चोरून न्हेतंय?
पाव्हणा म्हणून जा की."

नावाच्या जागी गेस्ट लिहिलं.
काहीच बोलला नाही.
हे मशीन होकार असाच देतं,
खालच्या ओळीवर येऊन
गप्प उभं राहतं.

मग वजनं यायला लागली, त्या निळ्या वायरीतनं, सावकाश.
गाडी नंबर, भरलेली, रिकामी, निव्वळ.
सावळज. कवठे एकंद. विसापूर. परत सावळज.
आणि रोज सकाळी सहा दहाला एक ओळ,
गाडीशिवाय, गावाशिवाय : शून्य.
पहिल्या गाडीआधी चाचा
रिकामा काटा तोलून बघायचे.
दिवाळीलासुद्धा.
ईदला तेवढं साडेनऊ.

शेवटची तारीख उघडली.
सहा दहाला शून्य.
सहा बाराला साठ किलो.
गाडी नंबर कोरा,
गाव कोरं,
निव्वळ साठ.

बराच वेळ त्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहिला.
चहा आला, गार झाला.

कॉपी संपल्यावर अनमाउंट म्हटलं.
टार्गेट इज बिझी.
आत कोण अडकलंय म्हणून शोधलं
तर मीच,
त्या फोल्डरमध्ये पाय रोवून.
एक पायरी वर आले, मग सुटलं.

खिडकीत बल्ब अजून चालू आहे.
विझवायला जायचं
तर काट्यावरनंच जावं लागतं.