विषम

उद्या एक सप्टेंबर. उद्या कुल्डीगातली सगळी पोरं
फुलं घेऊन शाळेत जाणार,
आणि त्यांत आमचा रूडिस पहिल्यांदाच.

म्हणून संध्याकाळी आम्ही तिघं बागेत, गमबूट घालून.
पुढे विझ्मा. नऊ वर्षांची, म्हणून कात्रीची मालकीण.
मागे रूडिस, बादली गुडघ्यांवर आपटत,
निम्मं पाणी बुटांत.

ग्लॅडिओलस त्याच्याहून उंच.
"खालची दोन उमललेली, वरच्या कळ्या मिटलेल्या,
असाच दांडा बघ," मी सांगते.
"तिरका काप. चार पानं मागे ठेव,
कंदाला हिवाळाभर पुरायला हवीत."
हे बोलणं माझं नाही, माझ्या बापाचं.
कंदही त्याचेच. दर ऑक्टोबरात उकरायचा,
माती झटकायचा, आईच्या विरलेल्या मोज्यांत भरून
तळघरात टांगायचा, बटाट्यांच्या डोक्यावर.
यंदा मेमध्ये मी लावले.
किती खोल, ते विचारायला कोणी नव्हतं.
तरी आले. जरासे वाकडे आले.

स्वयंपाकघरात मेणकापडावर सगळा पसारा.
रूडिस लाल एकीकडे करतो, पांढरे दुसरीकडे,
"म्हणजे भांडणार नाहीत."
मग मध्येच खोचतो काकड्यांच्या लोणच्यासाठी आणलेला शेपू.
विझ्मा तो काढते. तो परत खोचतो.
डेलियातून एक कातरकिडा बाहेर येतो,
टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन
खाली बघतो.

"बाईंना सात," मी म्हणते. "पाच चालतील. सहा नाही."
"का?"
"जित्या माणसाला विषम. सम न्यायची कबरीवर."
"पण का?"
मला माहीत नाही. बापाने कधी सांगितलं नाही,
फक्त बोटाने मोजून एक काढून घ्यायचा.
मी म्हणते, "जोड्या लागल्या की हिशेब संपतो.
एक उरला की काहीतरी पुढे चालू राहतं."
"हे तू आत्ता बनवलंस," विझ्मा म्हणते.
हो, आत्ताच.

आणि तेवढ्यात कट्. रूडिसच्या कोपराखाली एक दांडा.
विझ्मा मोजते. सहा.
"मारलंस स्ट्राउतमाने बाईंना!"
तो ओठ काढतो. मी पुन्हा बूट चढवते,
अंधुक उजेडात चाचपडत सातवा आणते,
सगळ्यांत वाकडा, पण आहे.

मोडलेला रूडिस कोणाला देत नाही.

टेकडीमागे कबरस्तान, दहा मिनिटं चालत.
मी चार अ‍ॅस्टर घेतलेत, जांभळे,
कागदात गुंडाळून, नीट मोजून.
बापाच्या नावाखालची तारीख अजून ताजी,
अक्षरांच्या कडा बोटाला लागतात.
मी फुलं उभी करते, झारीतून पाणी ओतते.
मग रूडिस कोटाच्या आतून
तो मोडका ग्लॅडिओलस काढतो
आणि चारांच्या मधोमध रोवतो.

विझ्माचे ओठ हलतात: एक, दोन, तीन...
ती माझ्याकडे बघते.
मी कुंपणाला टेकवलेलं दंताळं उचलते
आणि वाळूवर सरळ रेघा ओढू लागते,
कडेपासून कडेपर्यंत,
मोजणं न शिकलेल्या बाईसारखी.
"आता आजोबांना कळेल," रूडिस म्हणतो.
काय कळेल, ते मी विचारत नाही.

रात्री बाईंची सात फुलं अंघोळीच्या टबात,
गार पाण्यात, भिंतीला टेकून.
म्हणून कोणाचीच अंघोळ नाही.
आयर्लंडहून पोरांच्या बापाचा फोन येतो,
विझ्मा त्याला कातरकिड्याबद्दल सांगते,
बाकीचं नाही.

आणि सकाळी आमच्या गल्लीतून एक गुच्छ चालत गेला,
मधूनमधून शेपू डोकावणारा,
खाली दोन पाय,
डाव्या गुडघ्यावर कालचा चिखल.