शेरा

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी डोळ्यांदेखत सुटली,
दिवाडीला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर.
खांद्याला मोजपट्टीचं रीळ, पिशवीत क्षारमापक,
काखेत विहीर-नोंदणीचे अर्ज: नमुना एक, नमुना दोन,
आणि नमुना तीन, जो कुणीच भरत नाही.

चारी बाजूंनी मांडवीचं खारं,
आणि मधोमध, जांभ्याच्या पोटात,
पावसांनी मागे ठेवलेलं गोडं,
दुधावर साय धरावी तसं
खाऱ्याच्या पाठीवर टेकलेलं.
साय हलक्या बोटाने काढायची असते.
हे परिपत्रकात नाही. परिपत्रकात आहे
दिवसाला किती घनमीटर, पंप किती अश्वशक्तीचा,
मुदत तीन वर्षं.

इस्कोलास्तिका मायच्या बांयीवर भिंत आहे.
अर्धी बांय तिची, अर्धी घनःश्याम तारींची.
दोन रहाट, दोन दोर;
भिंत पाण्याच्या दोन हात वरच थांबते.
अर्जात रकाना: मालकाचे नाव. ओळ एकच.
कुणाचं लिहू?
माय म्हणते, ज्याची घागर खाली असेल त्याचं.
पलीकडून घनःश्याम ओरडतो, तिचंच लिही,
दंड आला तर तिलाच येऊ दे.
दोन बाजूंचं हसू बांयीत पडतं
आणि वर येताना एकच होऊन येतं.

टेप सोडते. चार मीटर दहा.
गेल्या मेमध्ये तीन पंचावन्न.
क्षारमापकाची बॅटरी ऐन वेळी मान टाकते.
मशीन कशाला, माय म्हणते, मला विचार.
कार्निव्हालपासून
पेजेत मीठ घालायचं सोडलंय मी.

वरच्या वळणावर अतिथीगृहाची बोअर.
परवाना आहे, शिक्का आहे, मीटर आहे,
मीटर पेटीत, पेटीला कुलूप,
किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर म्हापशाला.
काचेतून दिसणारा आकडा जानेवारीतलाच.
तलाव मात्र काठोकाठ.
एक पोरगं पाठीवर तरंगत होतं, कान पाण्याखाली,
मी हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही.
त्याच्यावर कसली रागावू?
परवान्यावर सही साहेबांची,
पण जागेच्या तपासणीचं ते झुकतं अक्षर माझं.
खोटं नव्हतं काही. मी खरंच मोजलं होतं:
बोअरपासून मायची बांय, तेहतीस मीटर.
नियमाला हवे होते तीस.
जमिनीवरून मोजलं मी.
पाणी जमिनीवरून चालत नाही.

फणसाखाली बसून अर्ज पुरा केला.
मालक: दोन नावं, एका ओळीत दाटून.
संगणक घेणार नाही, ठाऊक आहे.
उपयोग: पिणे, पेज, एक गाय,
पोरसातली तांबडी भाजी.
क्षारतेचा रकाना रिकामा,
शेऱ्यात पेन्सिलीने: कार्निव्हालपासून पेजेत मीठ नाही.
मग पेन काढलं.
वरील बोअरची फेरतपासणी व्हावी.
पूर्वीची तपासणी अपुरी होती.
तपासनीस: खाली सही करणारी.
सही करताना अक्षर सरळ काढायचा प्रयत्न केला,
झुकलंच.

मायने बाटली भरून दिली. नमुना.
परतीच्या फेरीत तहान लागली,
झाकण उघडलं, परत लावलं.
शेजारी एक छोटा टँकर, बेटावरून भरून निघालेला,
ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला.
मागचा नळ नीट बंद नव्हता.
थेंब डेकवर पडत होते,
लोखंडाच्या उतारावरून घरंगळत
मांडवीत जात होते.
मी मोजू लागले, सवयीने.
अठ्ठावीसला रायबंदर आलं.