बोर्ड

खडेबाजारात मष्णू पेंटरच्या दुकानाला
स्वतःचा बोर्ड नाही.
"कुठल्या भाषेत लावू?" म्हणतो
आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवतो.

मी रिटायर मास्तर. वडगावच्या शाळेत
एकतीस वर्षं इंग्रजी, फळ्यावर.
आता डिक्शनरी पिशवीत घालून हिंडतो,
काही लोक बीपीच्या गोळ्या बाळगतात तशी.

"काय वाचूलास, मास्तर?"
बोर्ड. एवढासा शब्द, बघ, अख्खं पान अडवून बसलाय.
आधी नुसती फळी, रंध्याखालून निघालेली.
फळीला पाय फुटले, टेबल झालं.
टेबलावर जेवण आलं, त्यालाही बोर्डच म्हणाले.
(आमचं बोर्डिंग आठवतं: सकाळी पातळ आमटी,
रात्री तीच, अजून पातळ.)
मग जेवणाभोवती बसलेले शहाणेही बोर्ड झाले:
कॅन्टोन्मेंटचं, परीक्षेचं,
माझ्या धाकट्या बहिणीला दोनदा बसवणारं.
"आणि कॅरमचा?"
तोही. आणि तुझ्या भिंतीवरचा विजेचा,
ज्याचं तिसरं बटण कधीच लागत नाही.

"आपल्यात?"
आपल्यात फलक. त्यातूनच फळा, फळी, फळकूट.
"कन्नडातबी फलकच की,"
समोरून चष्मेवाला ईरण्णा.
तिघंही जरा गप्प झालो.
फुकटात काही सामाईक निघालं
की माणूस आधी इकडे तिकडे बघतो.

खाली बारीक टाइपात दुसरा एक बोर्ड होता.
वेगळ्या मुळाचा असावा म्हणतात,
पण दोघं इतकी शतकं शेजारी राहिले
की कोण कुठला, पंडितांनाही सांगता येईना.
त्याचा अर्थ कड. जहाजाची बाजू.
हा फ्रान्सला जाऊन आला
आणि बॉर्डर होऊन परतला.

"बेळगावात जहाज कुठलं बे," मष्णू म्हणाला.
माझी आई खासबागेत मागावर बसायची.
बॉर्डरचा तिला एकच अर्थ ठाऊक:
काठाला ताण धरायचा,
काठ ढिला पडला की अंगच लोंबतं.

एका रात्री या गल्लीत कुणीतरी
बोर्डांना डांबर फासून गेलं होतं.
कुणी, ते मष्णू सांगत नाही.
रॉकेल किती लागलं तेवढं सांगतो,
आणि हेही, की डांबर दोन्ही लिप्यांवरून
सारखंच निघतं, म्हणजे नीट निघत नाही.

आता सगळे फ्लेक्स करतात.
ईरण्णा तेवढा पत्र्यावर अडून बसला:
रंगानेच पाहिजे, वर कन्नड, खाली मराठी.
मष्णूने निळीत भिजवलेली दोरी ताणली,
चिमटीत धरून सोडली, टप्.
एकच रेघ.
दुसरी मारली नाहीस? मी विचारलं.
"कशाला? कन्नड रेघेवर बसतंय,
मराठी रेघेला लोंबतंय.
एका दोरीत दोघांचं भागतंय."

मी पानं उलटत सुटलो. एल. लाइन.
मासे धरायची, कपडे वाळवायची,
पोलिसांची, रेल्वेची, रेशनची,
संपेचना.
मष्णू, ऐक की, हे तर पाच पानं...

"ते उद्या," तो वरून म्हणाला.
"आधी शिडी धर."