टाकलेल्या चिठ्ठ्या

मोजणारे आकडे घेऊन जातात.
माझ्या वाट्याला येते पडद्यामागची टोपली.
बावीस वर्षं मीच ती रिकामी करते,
नगरपालिकेच्या या दालनात,
जिथं आमच्या गावची लग्नं लागतात
आणि मतंही पडतात.

इथली रीत अशी:
टेबलावर प्रत्येक पक्षाची चिठ्ठी वेगळी.
निदान दोन उचलायच्या.
पडद्याआड एक पाकिटात सरकवायची,
उरलेल्या टोपलीत.
म्हणजे कुणाचं कुणाला कळत नाही.

पूर्वी कंदीलवाल्यांना मत देणारे
अकराच्या अकरा उचलायचे,
पत्ते पिसल्यासारखे हातात घोळवत,
आणि बाहेर येताना
स्वतःच्या बुटांकडे बघायचे.
मला कळायचंच:
टोपलीत दहा-दहाच्या गड्ड्या,
कंदील तेवढा एकीतही नाही.

मग कंदील निवडून आला,
इथल्यापुरता.
वांदाल महापौर झाला.
शनिवारच्या बाजारात बटाट्याच्या खोक्यावर उभा राहून
पॅरिसच्या नावानं खडे फोडणारा तो,
आता माझ्या शेजारच्या खोलीत बसून
दफनभूमीच्या पंपाची निविदा उलटीसुलटी करतो,
विचारतो, ओदिल, हा 'ब' अर्ज म्हणजे नेमका कुठला?

राग लांबवर असला की गडगडतो.
जवळ आला की त्याला आवक क्रमांक द्यावा लागतो.

त्यानं चौकात जिरेनियम लावले.
बेकरीसमोरचा खड्डा बुजवला, दोनदा.
पोहण्याचा तलाव तात्पुरता बंद केला,
चार वर्षं झाली.
सुआदबाईंच्या वाचनवर्गाची किल्ली परत मागवली.
ती मीच घेतली.
पावती दिली, शिक्का मारून.
त्या म्हणाल्या, अक्षर छान आहे तुमचं.

देशाची निवडणूक आली तेव्हा
दोन तज्ज्ञ उतरले गाडीतून.
एक म्हणाला, गावं हातात आली की यांचा रंग उतरतो.
दुसरा म्हणाला, गावं हातात आली की लोकांना सवय होते,
मग देश फार लांब राहत नाही.
दोघांनी एकाच टपरीवर कॉफी प्यायली,
आणि बिलावरून थोडा वाद घातला.

रविवारी म्हातारा फिर्मिन आला,
खाणीतला, अर्ध्या फुप्फुसाचा.
एकच चिठ्ठी उचलली, सगळ्यांसमोर, कंदिलाची.
मी म्हटलं, दोन घ्या, गुप्त राहतं.
तो हसला, हसताना खोकला.
आता कुणापासून लपवू, पोरी?
महापौर माझ्या बायकोच्या थडग्याचा नंबर
तोंडपाठ सांगतो.

दुपारी गीलेन आली, बेकरीवाली.
मागच्या खेपेला वांदालची पोस्टरं
तिच्याच काचेवर होती.
तिनं अकराच्या अकरा उचलल्या.
पडद्याआड इतका वेळ राहिली
की रांगेत कुणीतरी घसा खाकरला.
बाहेर आली ती
स्वतःच्या बुटांकडे बघत.

रात्री आकडा लागला.
गेल्या वेळी चारशे बारा,
या वेळी चारशे नऊ.
तज्ज्ञ म्हणाले, म्हणजे काही परिणाम नाही.
आणि रात्रीच्या जेवणाआधी परतले.

मी टोपली उपडी केली.
निम्मीही भरलेली नव्हती.
तळाशी एक गड्डी, दहांची.
वरच कंदील,
चार घड्या घातलेला,
कडांना पिठाची बोटं.

तीन मतांत काय काय मावतं:
किती जण उजळ माथ्यानं आत आले,
किती जण मान खाली घालून बाहेर पडले,
आणि बेरीज मात्र जागच्या जागी.
लाज गावातून गेली नाही.
तिनं घर बदललं एवढंच.

माझं मत मी सगळ्यांत शेवटी देते,
दिवे मालवायच्या आधी.
या वेळी मी किती चिठ्ठ्या उचलल्या
ते विचारू नका.
टोपली मीच रिकामी करते.